न कापलेली पानं

१

पुडक्याची सुतळी सुटली, खाकी कागद उलगडला आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या टेबलावर जे पुस्तक निघालं, त्याच्या पहिल्याच पानावर कमळाचं चित्र होतं आणि खाली मोठ्या टायपात 'क'.

सुतळी सोडणारे हात भागीरथाबाईंचे होते. ते तसेच थांबले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

बाजूला उभा असलेला कारकून नथ्थू पुढे झुकला नि म्हणाला, "हे आपलं नोहे जी. आपल्यातलं 'लेकीची शिदोरी' होतं. म्या सोता बांधलं होतं."

अठ्ठावन्न सालचा अधिक श्रावण चालू होता. चांद्याच्या जटपुरा दरवाजाजवळ बाबूभाई जिल्दसाजाचं लहानसं दुकान होतं. पुढे पुस्तकं विकायची, मागे बसून जुन्या पुस्तकांची बांधणी करायची. कोणीतरी तक्रार केली आणि पोलिसांनी तिथून पोतंभर छापील माल उचलून कचेरीत आणला. त्यात काय अश्लील आणि काय नाही, हे ठरवायला सरकारने एक वाचन समिती नेमली होती. एक निवृत्त हेडमास्तर रामाजी, दुसरे सरकारी डॉक्टर आणि स्त्रियांच्या बाजूने मुलींच्या शाळेच्या भागीरथाबाई. डॉक्टरांची मध्येच बदली झाली, तेव्हा उरले दोघेच.

कामाची रीत अशी होती, की प्रत्येक पुस्तक खाकी कागदात बांधून नथ्थूच्या पेटीत राहायचं. सभासदाने ते घरी न्यायचं, वाचायचं, परत बांधून आणायचं आणि साहेबांपुढे तोंडी मत द्यायचं. मग त्याची रवानगी तीनपैकी एका ढिगात व्हायची. पहिला ढीग जाळायचा, दुसरा मालकाला परत करायचा आणि ज्याच्याविषयी एकमत नाही तो नागपूरला धाडायचा. पोत्यातली काही मासिकं खरोखरच घाण होती. त्यांच्याविषयी इथे अधिक लिहायला नको. रेल्वेने आलेल्या गठ्ठ्यात ती आपण न पाहता घेतली, हे बाबूभाईंनी कबूल केलं होतं आणि त्याचा दंड भरायलाही ते तयार होते.

घोळ या एका पुस्तकाचा होता. 'लेकीची शिदोरी' एका डॉक्टरीणबाईने लग्न ठरलेल्या मुलींसाठी लिहिलं होतं. रामाजींनी ते घरी नेलं, पंधरवडा ठेवलं आणि गेल्या बैठकीत परत आणून देताना उभं राहून ठाम मत सांगितलं. पुस्तकाच्या मध्यावर गर्भाशयाचं उघडं चित्र आहे, त्याच्या समोरच्या पानावर पतिपत्नीच्या संबंधाचं वर्णन आहे आणि असलं काही कुमारिकांच्या हाती पडणं घातक आहे. जाळावं. भागीरथाबाई म्हणाल्या, बाईमाणसाने बाईमाणसासाठी लिहिलेलं आहे, मी वाचल्याशिवाय हो म्हणणार नाही. घरी मात्र नेणार नाही, इथेच कचेरीत बसून वाचीन. त्यासाठीच आज पुडकं उघडलं होतं.

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. पेटीची किल्ली नथ्थूकडे होती, पण पुडकं परत आलं त्याच आठवड्यात कचेरीच्या जुन्या वह्या बांधायला पेटीच्या खोलीत कोण बसलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबूभाई.

"पुरावा पळवला," साहेब म्हणाले. "दंडावर भागायचं होतं ते आता तुरुंगावर जाईल. महिना संपायच्या आत पुस्तक आलं नाही, तर मी चोरीचा खटला भरणार."

भागीरथाबाई समोरच्या पुस्तकाची पानं उलटत राहिल्या. त्या अधिक महिन्यात त्यांनी खोटं न बोलण्याचं व्रत धरलं होतं आणि खरं बोलण्याची त्यांना भीती वाटत होती. कारण समोरचं पुस्तक त्यांनी ओळखलं होतं. ते दुकानात मिळत नसे. समाजशिक्षणाच्या वर्गासाठी सरकारकडून आलेलं ते वाचनपुस्तक होतं आणि दुपारच्या वर्गातल्या बायकांना त्यांनी स्वतःच्या हाताने वाटलं होतं. ओळीओळीखाली हळदीच्या बोटाची पुसट रेघ होती. कोणीतरी स्वयंपाकातून उठून, बोट फिरवत फिरवत, शेवटच्या धड्यापर्यंत वाचलं होतं.

आणि त्या वर्गात बाबूभाईंची बायको आबिदा रोज येत होती.

२

दुकानाला पोलिसांचं सील होतं. बाबूभाई बाहेरच्या पायरीवर बसले होते, गोंदाने कडक झालेल्या बोटांकडे बघत. भागीरथाबाईंना पाहताच ते उठले आणि त्यांच्यासाठी पायरी फडक्याने पुसली.

"बसा बाई. चाय नाई पाजत, तुमचा अधिक महिन्याचा नेम चालू आहे ते मालूम आहे मले."

त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. वह्या बांधायला गेलो होतो, पेटीला हात लावला नाही, नथ्थू समोर होता. नथ्थू जेवायला जायचा तेव्हा? तेव्हा मीही घरी जायचो. साक्षीला कोण, तर कोणी नाही.

"पुस्तकात तसं वाईट काही होतं का, बाबूभाई? तुम्ही वाचलं होतं?"

"म्या कायले वाचतो? पानं त जुडेलच होते. छापखान्यातून कोरी प्रत आली, तशीच्या तशी पोलिसाईनं नेली. आमी जिल्दवाले, बाई. आमी बिना कारण पान कापत नाई. घेणारा आपल्या हातानं कापते, त्यातच त्याची मजा आहे."

त्या काळी अशी पुस्तकं यायची. छापलेला मोठा कागद घडी करून शिवलेला, पानांच्या कडा वरून नि बाजूने जोडलेल्याच. सुरीने कापत गेल्याशिवाय आतलं काही दिसायचं नाही.

"दुसरी प्रत नव्हती?"

बाबूभाई थोडे घुटमळले. "होती एक. पाच साल झाले असन. एका पोरीनं नेली. तिचं लगन होतं. लाजत लाजत आली, पैसे मुठीत गच्च धरून. तेवढीच विकली गावात."

"कोण पोरगी?"

"ते नाई सांगत, बाई. कोण काय वाचते ते सांगत बसलो त मंग दुकान कायले ठेवू?"

"तुरुंगात जायची वेळ आली तरी?"

ते हसले. पण ते हसू पाहून भागीरथाबाईंना बरं वाटलं नाही. "जाईन. तिथी बी कोणाले काही बांधून पाहिजेच असन."

आत परसात आबिदा भांडी घासत होती. भागीरथाबाईंनी तिला तिचं वाचनपुस्तक मागितलं. आबिदाने हात पुसले, कोनाड्यातून पुस्तक काढून दिलं. जाड पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर हिरवं कापड. "यायनं बांधून देल्लं," ती म्हणाली. "म्हणे, सरकारी बांधणी एका पावसाची. अजून अर्ध्यावरच आहे बाई मी. जोडाक्षरात पाय गुंतते."

भागीरथाबाईंनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. पण समाधान वाटेतच विरलं. पुडक्यापर्यंत मुळात तीनच घरांतले हात पोचू शकत होते. बाबूभाईंच्या घरातून वर्गाला येणारी बाई आबिदा होती. नथ्थू एकटा राहायचा. उरलं तिसरं घर. त्या घरातलीही एक बाई दुपारच्या वर्गात यायची, पाठीमागे बसायची, सगळ्यांच्या आधी धडा संपवायची. आणि गेल्या काही दिवसांत तिने येणंच सोडलं होतं.

३

रामाजी ओसरीवर जप करत होते. अंगाने सुकलेले, पण पाठ ताठ. चार वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी सुगंधा पहिल्याच बाळंतपणात गेली. तेव्हापासून हा माणूस कोणाच्या लग्नाला गेला नव्हता.

चोरीविषयी त्यांनी आधीच सगळं सांगितलं होतं आणि आताही तेच सांगितलं. पुडकं घरात सुरक्षित होतं, जसं नेलं तसं परत दिलं. "कुठे ठेवलं होतं?" या प्रश्नावर मात्र ते थोडे गडबडले.

"असल्या वस्तू घरात उघड्यावर ठेवता येतात का, बाई? पोथीच्या रुमालात बांधून देवघरात ठेवलं. तिथे कोणी हात घालत नाही."

"रुखमाबाई?"

"ती पूजा करते. वाचायला तिला कुठे येतं? तुमच्या वर्गाला जाते ती आपली वेळ घालवायला."

ते सहज बोलले. भागीरथाबाई मात्र त्यांच्याकडे बघत राहिल्या. आपल्या बायकोला काय येतं हे या माणसाने कधी विचारलंच नव्हतं. मुलांना वाचायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

आत रुखमाबाई देवापुढे वाती वळत होत्या. भागीरथाबाईंना त्यांनी पाट दिला. देवघराच्या फळीवर पोथ्या एकावर एक रचलेल्या होत्या, प्रत्येक लाल रुमालात बांधलेली. एक मात्र उघडीच होती, तिच्या लाकडी पाट्या दिसत होत्या.

"या पोथीचा रुमाल धुवायला टाकलात?"

"नाई. वाणात गेला."

अधिक महिन्यात जावयाला अनारशांचं वाण द्यायची चाल घरोघर आहे. पण लेक गेलेल्या आईला ते कसं विचारावं, हे भागीरथाबाईंना सुचेना. रुखमाबाईंनीच सांगितलं, खाली बघत. जावई सोमाजी मूल गावाला असतो. दुसरं लग्न झालं आहे. नवी बायको रीतीप्रमाणे गेलेल्या सवतीच्या, सुगंधाच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालते आणि मला आई म्हणते. तिलाही दिवस गेले आहेत. मग वाण तिथेच जायचं, दुसरीकडे कुठे?

"आणि वर्गाला का येत नाही तुम्ही?"

रुखमाबाईंनी वळलेली वात बाजूला ठेवली. "वाचून झालं, बाई."

भागीरथाबाई उठल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी, तुळशीला पाणी घालून, त्या मूलला जाणाऱ्या अरुंद रुळांच्या लहान रेल्वेगाडीत बसल्या.

४

सोमाजीचं घर भातगिरणीच्या मागे होतं. अंगणात कोंड्याचा ढीग, पावसाने वास मारणारा. सोमाजी गिरणीवर गेला होता. त्याच्या आईने भागीरथाबाईंना मोठ्या मानाने आत नेलं, कारण चांद्याच्या विहीणबाईंच्या ओळखीचं कोणी आलं म्हणजे सुगंधाच्याच माहेरचं.

"लय मोठ्या मनाच्या आहेत इनबाई," म्हातारी म्हणाली. "वाणासंगं पोथी पाठवली. रोज फूल वाहून घेतो मी सुनेकडून. माह्या डोळ्यानं काही दिसत नाई, पण ती दुपारी दार लावून वाचते."

कोनाड्यात लाल रुमाल होता, वर तगरीचं फूल.

सून मंगली, सहा-सात महिन्यांची गरोदर, दारात उभी होती. म्हातारी पाणी आणायला गेली तशी ती झटकन पुढे येऊन रुमालासमोर उभी राहिली. पोरगी चौथी शिकलेली होती आणि भागीरथाबाई कशासाठी आल्या हे तिला न सांगता कळलं होतं.

"फक्त बघू दे," भागीरथाबाई म्हणाल्या.

मंगलीने रुमाल सोडून दिला, तेव्हा 'लेकीची शिदोरी' त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतलं. पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत कापलेली होती, पण सुरीने नाही. कडा वाकड्यातिकड्या, काही ठिकाणी झालर सुटलेली. विळीवर धरून, भाजी चिरतात तशी, सगळी एकाच माणसाच्या हातची कापलेली पानं. मध्यावर चित्र होतं, समोर ते वर्णनही होतं, जसं रामाजींनी सांगितलं होतं अगदी तसंच. डॉक्टरीणबाईने ते इतक्या स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं, की वाचताना लाज वाटायला जागाच नव्हती. पुढे बाळंतपणाचा भाग आणि तिथे एका पानावर ओळींखाली हळदीची रेघ. तिथे इतकी दाट, की एकच जागा पुन्हा पुन्हा वाचली असावी. चेहरा नि हात सुजणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे ठिणग्या दिसणं, हे दिसताच घरी थांबू नये, त्याच दिवशी इस्पितळात न्यावं.

"हे पुस्तक नाही मिळालं, तर चांद्यात एक निर्दोष माणूस तुरुंगात जाईल, पोरी."

मंगलीने ओठ चावला. तिचे डोळे भरून आले, पण पुस्तकावरची नजर तिने काढली नाही.

"आईनं माह्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. मोकळी होईपर्यंत कोणाले द्यायचं नाई. सासूले नाई, नवऱ्याले नाई." मग अगदी हळू, "मले लय भेव वाटते, बाई. रात्री हे उशाखाली असलं का झोप लागते."

भागीरथाबाईंच्या हातात पुस्तक होतं. बाहेर त्यांचा टांगा उभा होता. त्यांनी पुस्तक मिटलं, रुमालात बांधलं आणि कोनाड्यात जिथल्या तिथे ठेवून दिलं. फूलही ठेवलं.

परतीच्या गाडीत त्यांना पहिल्यांदाच एक गोष्ट उमगली. पानं सगळी विळीने कापलेली होती. म्हणजे रुखमाबाईंनी उघडलं तोवर ती जोडलेली होती. मग मधल्या पानावरचं चित्र रामाजींनी पाहिलं कुठे?

५

रुखमाबाई झरपट नदीच्या काठी धुणं धूत होत्या. जवळपास कोणी नव्हतं. भागीरथाबाई दगडावर बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, की मी मंगलीला भेटून आले, पुस्तक तिच्याकडेच आहे, आणलं नाही.

रुखमाबाईंनी पिळा तसाच हातात धरून ठेवला. मग बोलू लागल्या, पाण्याकडे बघत. अधिक महिन्यात रोज एक अध्याय आपला आपण वाचायचा, असा नेम त्यांनी धरला होता. मालकांना सांगितलं नव्हतं. महिना संपला की एकदम वाचून दाखवायचं, असं मनात होतं. फळीवरचा वरचा रुमाल सोडला, तर आत खाकी पुडकं. नवी पोथी आणली असेल म्हणून सोडलं. पानं जुडलेली, म्हणून विळी घेतली.

"पयले वाटलं, पाप झालं हातून. असं काही लिवते का कोणी? बंद करून ठेवलं. मंग दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. एक एक अक्षर लावत गेली. अन् ते पान आलं."

त्यांनी पिळा दगडावर ठेवला.

"सुगंधा माह्याकडं बाळंतपणाले आली होती. तोंड असं सुजलं होतं तिचं. मी सगळ्याईले सांगत होती, पोरगी भरली, अंगानं चांगली झाली. बांगड्या हातात रुतल्या त म्या साबण लावून काढल्या न हसली. ती म्हणे, आई, डोळ्यापुढं काजवे चमकते. मी म्हणलं, उपाशी नोको राहू. मालकाईनं देवीचा अंगारा आणला. इस्पितळ कुठी आहे, बाई? जटपुऱ्यापासून चालत गेलं तरी…"

त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं.

मग त्या म्हणाल्या, "मालक म्हणाले, पुस्तक जाळणार आहेत. तवा मले मंगली दिसली. त्याच्या जागी काहीतरी पाहिजे म्हणून माह्यं वाचायचं ठेवलं. दुसरं होतंच काय माह्याजवळ? बाबूभाईवर येईन हे मले नाई समजलं. म्या कचेरीत येतो, सांगतो."

"तुमचे मालक काय म्हणतील?"

"काय म्हणतीन?" त्यांनी डोळे पुसले. "त्याईले कुठी मालूम होतं असं काही असते म्हणून? कोणालेच मालूम नव्हतं. सुगंधाले मालूम असतं त ती बोलली नसती का? म्हणून मी कोणाले बोल नाई लावत, बाई. तेवढ्यावरच जीव धरून आहो."

भागीरथाबाईंचं व्रत खोटं न बोलण्याचं होतं. गप्प राहण्याला त्यात मनाई नव्हती. त्या गप्प राहिल्या आणि ते गप्प राहणं त्यांना खोटं बोलण्याहून जड गेलं. तुम्ही दोन दिवस थांबा, कचेरीत येऊ नका, एवढं सांगून त्या उठल्या.

६

अचलेश्वराच्या देवळात दुपारी गर्दी नसते. रामाजी प्रदक्षिणा संपवून सभामंडपात बसले होते. भागीरथाबाई थोड्या अंतरावर बसल्या, खांबाला टेकून, आवाज न चढवता.

"मास्तर, ते पुडकं तुम्ही उघडलंच नव्हतं."

रामाजींनी खांद्यावरचं उपरणं सावरलं.

"परत देताना उघडलं असतं, तर आत माझ्या वर्गाचं पुस्तक दिसलं असतं. नेल्यावर उघडलं असतं, तर पानं तुम्हाला कापावी लागली असती. ती तुमच्या घरात कापली गेली, पण तुमच्या हातानं नाही. कोणी कापली ते तुम्ही विचारू नका, मी सांगणार नाही. पण चित्र कुठे आहे, समोर काय लिहिलंय, हे तुम्ही साहेबांना घडाघडा सांगितलंत. म्हणजे तुम्ही आधी कधीतरी दुसरी प्रत वाचली होती. दुसरी प्रत चांद्यात एकच विकली गेली. पाच वर्षांपूर्वी. लग्न ठरलेल्या एका मुलीनं नेली."

जपमाळ रामाजींच्या हातात होती. मणी सरकत नव्हते.

"बाबूभाईनं नाव सांगितलं?"

"नाही. ते तुरुंगात जातील, पण सांगणार नाहीत."

देवळाच्या पायरीवर पावसाची सर आली आणि गेली. मग रामाजी बोलले, हेडमास्तरांच्या शुद्ध भाषेत सुरुवात करून, आणि ती भाषा वाटेतच सुटली.

"तिच्या पेटीत सापडलं. लुगड्याच्या घडीत. मी उभ्या उभ्या सगळं वाचलं. सगळं, बाई. एक ओळ सोडली नाही. वाचता वाचता राग येत होता तो या गोष्टीचा, की माझी मुलगी आता माझी लहान मुलगी राहिली नाही. ते सुजेचं, काजव्यांचंही वाचलं. पण तेव्हा मी ते वाचत नव्हतो. मी लाज शोधत होतो. नंतर ती आजारी पडली, काजवे दिसतात म्हणाली, तेव्हा कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं मले. कुठं वाचलं ते आठवून राह्यलो होतो. सकाळपर्यंत आठवलं नाई. सकाळी…"

त्यांनी माळ खाली ठेवली.

"आता पुन्हा तेच पुडकं हातात आलं. कसं उघडू? जाळा म्हणालो. ते जगात राहिलं, तर रोज कोणीतरी मला विचारेल."

"बाबूभाई निर्दोष आहेत, हे तुम्हीच सांगू शकता. पुस्तक कुठे आहे ते मी सांगणार नाही. त्याची एका पोरीला गरज आहे. मग उरतो तुमचा शब्द."

"आणि रुखमा?"

"त्यांना मी काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते माझं नाही, मास्तर. ते तुमचं आहे."

७

महिना संपायच्या आधी रामाजी कचेरीत गेले. टोपी काढून साहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, की पुस्तक माझ्या घरातून गेलं. पेटीतून नाही. नथ्थूचा आणि बाबूभाईंचा त्यात काही संबंध नाही. मी ते न उघडता, न वाचता अश्लील ठरवलं. ते मत मी मागे घेतो. साहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, घरातून कोणी नेलं? रामाजी म्हणाले, घर माझं आहे, दोष माझा आहे. साहेब संतापले, समितीवरून काढून टाकलं, वर कळवीन म्हणाले. ती चार माणसांसमोर झालेली शोभा रामाजींनी मान खाली न घालता सोसली.

बाबूभाईंच्या दुकानाचं सील निघालं. जाळायचा पहिला ढीग कचेरीच्या आवारात पेटवला, तेव्हा रीतीप्रमाणे भागीरथाबाईंना उभं राहावं लागलं. मासिकांचा रंगीत कागद हिरवा जाळ करत पेटला. बाबूभाई त्यांच्याजवळ येऊन थांबले, काही विचारलं नाही, फक्त हात जोडले. त्यांनी सगळं ओळखलं असावं.

पुढच्या आठवड्यात रुखमाबाई वर्गाला आल्या. पाठीमागे, दाराजवळ बसल्या. त्या दिवशी त्यांनी काही वाचलं नाही. आबिदाने जोडाक्षर अडलं म्हणून त्यांच्याकडे पुस्तक सरकवलं, तर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. वर्ग सुटला, बायका गेल्या, त्या मात्र तिथेच बसून राहिल्या. भागीरथाबाई त्यांच्याजवळ येऊन चटईवर बसल्या.

"सांगितलं त्याईनं," रुखमाबाई म्हणाल्या. "काल जेवता जेवता. ताट तसंच ठेवलं न सांगितलं."

भागीरथाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला.

"तुमाले मालूम होतं ना, नदीवर?"

"होतं."

रुखमाबाईंनी हात सोडवून घेतला नाही. त्या समोरच्या फळ्याकडे बघत होत्या, पुसून कोरा केलेल्या.

"मी रडली नाई. एकच इचारलं. तुमी तिच्या डोळ्यापुढं तिचं पुस्तक जाळलं, तवा सुगंधा काय बोलली?" त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "बरं बाबा, म्हणाली म्हणे. एवढंच. बंबात जाळलं होतं त्याईनं. तिनं आणखी एक लाकूड आत सारलं, न पाणी तापलं तसं त्याईच्या आंघोळीले काढून देल्लं."

बाहेर मुलींच्या शाळेची सुट्टी झाली होती आणि पटांगणात पोरींचा कल्ला चालला होता. रुखमाबाई तो ऐकत होत्या, की नव्हत्या, कोण जाणे.

"भांडली नाई. एक शब्द उलटून नाई बोलली," त्या म्हणाल्या. "ते म्या शिकवलं होतं तिले, बाई. त्याईनं नाई. म्या."